ड्राइव्ह बसवताना: ‘बंद’ म्हणजे नक्की काय बंद?

माझ्या टूलबॉक्समध्ये एक स्क्रूड्रायव्हर आहे. त्याचं टोक उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतं. कामाचा राहिलेला नाही, तरी हाताखाली नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी तो त्याच्या हातात देतो आणि विचारतो, हे कशानं झालं असेल?

लाइनीत येऊन मला वर्ष झालं होतं. एका फौंड्रीत डस्ट कलेक्टरच्या ब्लोअरचा ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र, सारखा ट्रिप होत होता. आयसोलेटर पाडला, डिस्प्ले काळा झाला, फ्यूज काढून खिशात घातले. वरून टेस्टरही लावला. दिवा पेटला नाही. मग निवांत टर्मिनलचा स्क्रू सैल करायला गेलो आणि टोक शेजारच्या टर्मिनलला टेकलं. सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज, डोळ्यांपुढं नुसतं पांढरं, आणि टोकाचा तुकडा गायब. बोट मधे नव्हतं म्हणून आज हे लिहितोय.

सप्लाय बंद होता. अगदी खरोखर बंद होता. चार्ज मात्र आत तसाच बसला होता.

मोटर थेट किंवा दोन टप्प्यांत लाइनवर घेणाऱ्या साध्या डीओएल किंवा स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये मेन पाडला की विषय संपतो. ड्राइव्हमध्ये, म्हणजे ज्याला आपण व्हीएफडी म्हणतो त्यात, ‘बंद’ तीन प्रकारचं असतं. मोटर थांबली हे पहिलं. सप्लाय तुटला हे दुसरं. आतला चार्ज उतरला हे तिसरं. पहिलं कीपॅडवर दिसतं, दुसरं आयसोलेटरवर दिसतं, तिसरं मीटर लावल्याशिवाय दिसतच नाही. आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री होऊन शिरोली, भोसरी, वाळूजसारख्या एमआयडीसीत नुकतंच कामाला लागलेल्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण एकच धरू: २० एचपीची, म्हणजे १५ किलोवॅटची, ४१५ व्होल्टवर चालणारी ब्लोअरची मोटर. जुना स्टार-डेल्टा काढून तिथं ड्राइव्ह बसवायचा आहे.

त्याआधी एक गोष्ट. इन्स्टॉलेशनचं काम लायसन्सधारक ठेकेदारानं आणि परमिट असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली करायचं, असा नियम आहे. “तू फक्त वायरी जोड, कागद नंतर बघू” असं कुणी म्हणालं तर देखरेख कोण करणार एवढं विचारा. अपघात झाला की पहिला प्रश्न तोच येतो.

आत काय भरलंय ते आधी समजून घ्या

आर, वाय, बी हे तीन फेज आत येतात. डायोडचा ब्रिज त्यांचं डीसी करतो. ४१५ गुणिले १.४१४ केलं की साधारण ५८७ व्होल्ट डीसी येतं. ते मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतं आणि तिथून आयजीबीटी, म्हणजे झपाट्यानं चालू-बंद होणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, ते तुकड्या-तुकड्यांनी मोटरला देतात. वरच्या बाजूचं व्होल्टेज दहा टक्के चढलं तर डीसी बस ६४५ च्या घरात जाते. मोटर ब्रेक होत असताना ती आणखी वर, ७०० ते ८०० च्या आसपास पोचू शकते.

एक हिशोब करून बघा. समजा बसवर १००० मायक्रोफॅरड आहेत. ५८७ व्होल्टला त्यात सुमारे १७० ज्यूल ऊर्जा बसते. हॉस्पिटलमध्ये डिफिब्रिलेटरनं छातीवर देतात तो झटका साधारण १२० ते २०० ज्यूलचा असतो. मेन पाडल्यावरही तेवढं तुमच्या पॅनलमध्ये बसलेलं असतं.

मग टेस्टर का पेटला नाही? निऑन टेस्टरचा दिवा लागतो तो फेजपासून तुमच्या अंगातून जमिनीकडे बारीकसा करंट वाहतो म्हणून. आयसोलेटर पाडल्यावर डीसी बसचा जमिनीशी संबंध तुटतो. प्लस आणि मायनसमध्ये पाचशे व्होल्ट असले तरी एका टर्मिनलला लावलेल्या टेस्टरला परतीचा रस्ता नसतो, आणि दिवा पेटेल याची काही खात्री राहत नाही. ड्राइव्हच्या कामात टेस्टर खिशातच ठेवा. घरातला बोर्ड बघायला ठीक आहे.

निघण्याआधी

मोटरची नेमप्लेट पुसून फोटो काढा. किलोवॅट, व्होल्ट, अँपिअर, आरपीएम आणि कनेक्शन स्टार की डेल्टा, एवढं हवंच. आपल्या १५ किलोवॅटच्या मोटरवर साधारण २७-२८ अँपिअर लिहिलेलं असेल. ड्राइव्ह एचपी बघून घेऊ नका, अँपिअर बघून घ्या.

ड्राइव्ह स्टोअरमधून काढलेला जुना स्पेअर असेल तर त्याची तारीख बघा. वर्षाहून जास्त काळ सप्लाय न मिळालेल्या ड्राइव्हचे कपॅसिटर आतून सुस्तावलेले असतात. त्यांना एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर ते फुटू शकतात. मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीनं हळूहळू व्होल्टेज चढवून त्यांना पुन्हा तयार करावं लागतं. त्याला रिफॉर्मिंग म्हणतात. ती सोय आपल्याकडं नसेल तर ड्राइव्ह सर्व्हिस सेंटरला पाठवा.

मीटर कॅट थ्री, १००० व्होल्टचा घ्या, लीड्ससुद्धा त्याच रेटिंगच्या. दोन-अडीचशे रुपयांचा मीटर ५८७ व्होल्टच्या टोकांवर ठेवणं म्हणजे हातात फटाका धरणं. सोबत १००० व्होल्टचे रबरी हातमोजे, चष्मा आणि सुती शर्ट हवा. नायलॉनचा नको, तो पेटला की कातडीला चिकटतो. अंगठी, कडं, स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ घरी. पॅनलसमोर आयएस १५६५२ चा शिक्का असलेली मॅट आहे का बघा. नुसतं काळं रबर अंथरलंय म्हणून ती इन्सुलेटिंग मॅट होत नाही.

शटडाऊन घेताना

इथं घाई झाली की सगळं बिघडतं. क्रम असा ठेवा.

ऑपरेटरला सांगून ब्लोअर थांबवा आणि इम्पेलर पूर्ण थांबेपर्यंत थांबा. मोठा ब्लोअर स्टॉप दाबल्यावरही कितीतरी वेळ फिरत राहतो. मग एमसीसीबी (मेनचा मोठा ब्रेकर) किंवा आयसोलेटर पाडा, त्याला स्वतःचं कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. टॅगवर नाव, वेळ आणि “काम चालू आहे, चालू करू नये” एवढं मराठीत आणि शॉपमधल्या कामगारांना येत असेल त्या भाषेतही लिहा. दोघं काम करत असाल तर दोन कुलपं. “मी इथंच उभा आहे की” हे कुलूप नव्हे. माणूस चहाला जातो.

आता पॅनलमध्ये आणखी कुठून सप्लाय येतोय ते शोधा. नवीन माणूस इथंच फसतो. मेन पाडला तरी कंट्रोलचा २३० व्होल्ट दुसऱ्या पॅनलमधून आलेला असतो; पीएलसीच्या रिले कॉन्टॅक्टवर, पंख्यावर, हीटरवर, इंडिकेशन लॅम्पवर. एका फीडरवर जनरेटरचाही चेंजओव्हर असतो. ड्रॉइंग असेल तर बघा. नसेल, आणि बहुतेक ठिकाणी नसतंच, तर प्रत्येक टर्मिनल मोजा.

मोजायची पद्धत तीन टप्प्यांची आहे. पहिल्यांदा चालू असलेल्या दुसऱ्या लाइनवर मीटर लावून तो खरं दाखवतोय का बघा. मग आपलं सर्किट मोजा: फेज-फेज तिन्ही जोड्या, आणि प्रत्येक फेज अर्थला. मग परत चालू लाइनवर मीटर लावून तो मधेच मेला नाही ना ते तपासा. मीटरचा फ्यूज उडालेला असला तरी स्क्रीनवर शून्यच दिसतं.

ड्राइव्ह आधीच लागलेला असेल तर

बदली किंवा दुरुस्तीचं काम असेल तेव्हा शटडाऊननंतर आणखी एक थांबा आहे. ड्राइव्हच्या अंगावर पिवळं लेबल असतं: अमुक मिनिटं थांबा. कुठं ५, कुठं १०, कुठं १५. लेबलवर असेल तेवढं घड्याळ लावून थांबा. ‘चार्ज’चा लाल दिवा विझला म्हणून मोकळे होऊ नका, तो दिवाही खराब होतो. कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर जळालेला असेल तर अर्धा तास थांबूनही चार्ज उतरणार नाही. म्हणून वेळ झाल्यावर मीटर लावायचाच.

मीटर डीसीवर करा. हसू नका, सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे. आधी एसीची लाइन मोजलेली असते, नॉब तिथंच राहतो, आणि एसी रेंजवरचा मीटर डीसी बसवर शून्याच्या जवळपास दाखवू शकतो. पोरगा म्हणतो, “मामा, झीरो आहे.” नॉब फिरवला की चारशे.

दुसरी चूक टर्मिनलची. डीसी बस पी आणि एन मध्ये मोजायची. कुठं त्यांना प्लस-मायनस म्हणतात. पी-वन आणि पी मध्ये मोजून शून्य आलं तर त्याला काही अर्थ नाही, तिथं चोकसाठी नुसती लिंक असते आणि दोन्ही टोकं प्लसचीच. पी-एन मध्ये ५० व्होल्टच्या खाली आलं की मग हात लावायचा, आणि तेव्हाही हातमोजे घालूनच. स्क्रूड्रायव्हर किंवा वायर टेकवून चार्ज ‘मारायचा’ नाही. जुने मिस्त्री असं करताना दिसतील. त्यांच्या हातावरचे डाग बघा.

मोटर परमनंट मॅग्नेटची असेल तर आणखी एक गंमत आहे. सप्लाय नसताना नुसता शाफ्ट फिरला तरी तिच्या टर्मिनलवर व्होल्टेज तयार होतं. नव्या कॉम्प्रेसरवर अशा मोटरी दिसतात. शाफ्ट अडकवल्याशिवाय केबलला हात नको.

पॅनलमध्ये बसवताना

ड्रिलिंग ड्राइव्ह लावायच्या आधी करा. नंतर करावंच लागलं तर ड्राइव्ह वरून झाका. लोखंडाचा कीस वरच्या जाळीतून आत पडतो, पहिल्या दिवशी काही होत नाही, आणि आठवड्यानं भोंगा वाजायच्या वेळी धूर निघतो. मी उघडलेल्या एका ड्राइव्हच्या बोर्डवर ड्रिलची स्प्रिंगसारखी वळलेली चीप अख्खी बसलेली होती.

वर-खाली मॅन्युअलमध्ये लिहिलीय तेवढी जागा सोडा. फौंड्रीत कार्बनची धूळ आणि इचलकरंजीसारख्या ठिकाणी सुताची तुस, दोन्ही पंख्यातून आत जातात. त्यातली कार्बनची धूळ तर करंटही वाहते. तिथं आयपी २० चा, म्हणजे धूळ न अडवणारा, ड्राइव्ह उघड्यावर लावू नका, फिल्टर असलेला बंद पॅनल हवा. बरेच ड्राइव्ह ४० अंशांपर्यंत पूर्ण लोडला चालतात, त्यापुढं त्यांची ताकद कमी धरावी लागते. चंद्रपूर-नागपूरकडं मे महिन्यात शेडमध्ये काय होतं ते सांगायला नको.

पॉवर वायरिंग

इनकमिंग आर, एस, टी वर. काही ड्राइव्हवर एल-वन, एल-टू, एल-थ्री लिहिलेलं असतं. मोटर यू, व्ही, डब्ल्यू वर. उलट जोडलं आणि सप्लाय चालू केला तर ड्राइव्ह जागीच जातो आणि पॅनलचं दार उघडं असेल तर समोरचा माणूसही भाजतो. जोडणी पूर्ण झाली की दोन्ही बाजूंच्या केबल हातानं मागं मोटरपर्यंत आणि एमसीसीबीपर्यंत माग काढत जा. फेरूलचा, म्हणजे वायरीच्या टोकावरच्या खुणेचा, नंबर वाचून समाधान मानू नका, फेरूल लावणाराही माणूसच असतो.

आपल्या उदाहरणात आधी स्टार-डेल्टा होता, म्हणजे मोटरपासून सहा वायरी पॅनलपर्यंत आलेल्या आहेत. ड्राइव्हला तीनच लागतात. नेमप्लेटवर ४१५ व्होल्ट डेल्टा असेल तर मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये तीन लिंक डेल्टात लावायच्या: यू-वन डब्ल्यू-टूला, व्ही-वन यू-टूला, डब्ल्यू-वन व्ही-टूला. लिंक राहून गेल्या की मोटर नुसती हुंकारते आणि ड्राइव्ह ट्रिप होतो. उरलेल्या तीन जुन्या वायरी पॅनलमध्ये टेप गुंडाळून सोडून देऊ नका. दोन्ही टोकांकडून काढूनच टाका. स्टार-डेल्टाचे कॉन्टॅक्टरही ड्राइव्हच्या पुढं ठेवायचे नाहीत. चालत्या ड्राइव्हच्या आउटपुटला कॉन्टॅक्टर उघडला-मिटला की आयजीबीटीवर बेतते.

मोटरजवळ पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर लावलेला असेल तर तो काढा. ड्राइव्हच्या आउटपुटला कपॅसिटर चालत नाही.

काही मालकांना ‘ड्राइव्ह बिघडला तर बायपास हवा’ असतो. मागणी रास्त आहे. पण ड्राइव्हचा कॉन्टॅक्टर आणि बायपासचा कॉन्टॅक्टर एकाच वेळी लागणार नाहीत यासाठी मेकॅनिकल इंटरलॉक हवाच, नुसता इलेक्ट्रिकल पुरत नाही. एक कॉन्टॅक्टर चिकटून बसला तर मेनचा सप्लाय थेट यू-व्ही-डब्ल्यूवर येईल.

एमसीसीबी आणि फ्यूज मॅन्युअलमधल्या तक्त्यातलेच लावा. स्क्रू टॉर्क स्क्रूड्रायव्हरनं घट्ट करा. अ‍ॅल्युमिनियमची केबल ड्राइव्हच्या टर्मिनलमध्ये थेट कोंबू नका, योग्य बायमेटल लग वापरा. कंट्रोलच्या वायरी पॉवरच्या डक्टमधून नेऊ नका. ब्रेकिंग रेझिस्टर असेल तर तो पॅनलच्या बाहेर, जाळीच्या आत. चालताना तो चटका देण्याइतका तापतो आणि त्याच्या टर्मिनलवर डीसी बसचंच व्होल्टेज असतं.

अर्थिंग

या विषयावर मी थोडा जास्त बोलणार आहे.

साध्या मोटरला अर्थिंग नसलं तर इन्सुलेशन फाटेपर्यंत कळत नाही. ड्राइव्हला तसं नाही. आयजीबीटी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात, केबल आणि बॉडी यांच्यात कपॅसिटरसारखं नातं तयार होतं, आणि काहीही बिघाड नसताना थोडा करंट सतत अर्थकडं वाहत राहतो. हा करंट ३.५ मिलिअँपिअरच्या वर जाणं ही ड्राइव्हची नेहमीची गोष्ट आहे. म्हणजे अर्थची वायर तुटली तर तो करंट बॉडीला हात लावणाऱ्या माणसातून रस्ता शोधणार. म्हणूनच आयईसी ६१८००-५-१ मध्ये अशा ड्राइव्हसाठी अर्थची वायर तांब्याची किमान १० स्क्वेअर एमएम, किंवा अ‍ॅल्युमिनियमची १६, किंवा मग त्याच जाडीची दुसरी स्वतंत्र अर्थ वायर, असे पर्याय दिले आहेत. “फेजला सहाची वायर आहे, अर्थला अडीचची चालेल” हे इथं चालत नाही.

आपल्याकडच्या नियमांतही, आधीच्या १९५६ च्या वीज नियमांपासून आताच्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांपर्यंत, जागेवर बसवलेल्या मोटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ कनेक्शन सांगितलेली आहेत. मी करतो ते असं: केबलची चौथी कोअर मोटरच्या टर्मिनल बॉक्समधून थेट ड्राइव्हच्या पीईवर, म्हणजे अर्थच्या टर्मिनलवर. आणि मोटरच्या पायाजवळच्या बोल्टवरून वेगळी जीआय पट्टी अर्थ ग्रिडला. तीन ड्राइव्ह असतील तर प्रत्येकाची अर्थ वायर स्वतंत्रपणे थेट अर्थ बसबारवर न्यायची. एकावरून दुसऱ्यावर उडी मारत न्यायच्या नाहीत. मधला ड्राइव्ह काढला की पुढचे सगळे बिनअर्थचे होतात.

शिल्डेड केबल असेल तर शिल्डची लांब शेपटी वळून एका स्क्रूखाली दाबू नका. सगळीकडून गोल पकडणारा क्लॅम्प किंवा ग्लँड लावा, दोन्ही टोकांना.

एका ठिकाणी ऑपरेटरची तक्रार होती: ब्लोअरला हात टेकला की झिणझिण्या येतात. पावसाळ्यात जास्त. दोन इलेक्ट्रिशियन येऊन “मोटर ओली झालीय” सांगून गेले होते. बघितलं तर अर्थची पट्टी होती, बोल्ट होता, घट्टही होता. पण बेसला जाड हिरवा रंग मारलेला आणि लग त्या रंगावर बसवलेला. मीटरनं मोजलं तर बॉडी आणि पट्टीत सलगता नावालाही नव्हती. रंग खरवडला, चमकता पत्रा दिसेपर्यंत पॉलिश पेपर मारला, दातेरी वॉशर टाकून लग आवळला आणि वरून ग्रीस लावलं. वीस मिनिटांचं काम. तेव्हापासून मी बोल्ट दिसला म्हणून अर्थ आहे असं धरत नाही. टर्मिनल बॉक्सच्या आतल्या धातूपासून पॅनलच्या बसबारपर्यंत मोजतो.

ईएलसीबीचा, म्हणजे अर्थकडं गळती झाली की सप्लाय तोडणाऱ्या ब्रेकरचा, प्रश्न याच करंटमधून येतो. ड्राइव्ह चालू केला की ३० मिलिअँपिअरची ईएलसीबी पडते, मग कुणीतरी ती बायपास करतं. तसं करू नका. शिवाय साधी एसी टाइप ईएलसीबी थ्री फेज ड्राइव्हच्या डीसी स्वरूपाच्या गळतीला ओळखत नाही, उलट त्या डीसीमुळं ती आंधळी होऊन खऱ्या गळतीलाही पडत नाही. ड्राइव्हच्या फीडरवर बी टाइप लागते आणि किती मिलिअँपिअरची ते मॅन्युअल बघून ठरवायचं.

मेगर

मोटर आणि केबल मेगर करायचीच, म्हणजे त्यांचं इन्सुलेशन मेगर मीटरनं मोजायचंच, पण ड्राइव्हवरून यू, व्ही, डब्ल्यू काढून, टोकं बाजूला धरून. ५०० व्होल्टचा मेगर, मिनिटभर. किमान १ मेगाओहम हवा. धडधाकट मोटर त्याच्या कितीतरी पट दाखवते. ड्राइव्ह जोडलेला असताना मेगर मारला तर आउटपुटचे आयजीबीटी जातात आणि वॉरंटीवाला मेगरचं नाव ऐकताच फोन ठेवतो. मेगर झाल्यावर वायरी अर्थला टेकवून चार्ज उतरवा, मग परत जोडा.

पहिल्यांदा सप्लाय देताना

ब्लोअरचा बेल्ट काढून ठेवा, म्हणजे मोटर मोकळी फिरेल. पॅनलमध्ये राहिलेले स्क्रू, वायरीचे तुकडे, आणि हो, स्वतःचा टेस्टर, सगळं बाहेर काढा. ड्राइव्हचं कव्हर लावा, दार बंद करा. एमसीसीबी वर करताना तोंड पॅनलसमोर नको, बाजूला उभं राहून हँडल फिरवा. काही फुटायचं असेल तर बहुतेक तेव्हाच फुटतं.

डिस्प्ले आला की नेमप्लेटचे आकडे भरा, मोटरचा ओव्हरलोड करंट बरोबर टाका. मग ५ हर्ट्झवर जॉग करून दिशा बघा. उलटी फिरली तर यू-व्ही-डब्ल्यूपैकी दोन बदला. आर-एस-टी बदलून काही होणार नाही, कारण मधे डीसी झालेलं आहे. हा प्रयोग प्रत्येक नवा माणूस एकदा करतोच. बदलताना पुन्हा मेन पाडणं, थांबणं, मीटर, सगळा क्रम पहिल्यापासून. “दोनच वायरी आहेत” म्हणून सूट नाही.

ब्लोअरचा थांबायचा वेळ कमी ठेवू नका. जड इम्पेलर घाईनं थांबवला की त्याची ऊर्जा डीसी बसवर चढते आणि ओव्हरव्होल्टेज ट्रिप येतो. मिनिटभरापासून सुरुवात करा.

लाइट परत आल्यावर काय होतं?

स्टार-डेल्टामध्ये लाइट गेली की कॉन्टॅक्टर पडायचा, परत आली तरी कुणीतरी हिरवं बटण दाबेपर्यंत मोटर गप्प. कामगारांच्या अंगात ती सवय मुरलेली असते: लाइट जाऊन आली तरी मशीन आपणहून सुरू होत नाही.

आता ड्राइव्हला साधा ऑन-ऑफ सिलेक्टर जोडला, ज्याला टू-वायर कंट्रोल म्हणतात. महावितरणची लाइट गेली. सिलेक्टर ऑनवरच आहे. कामगाराला वाटलं आता निवांत, त्यानं गार्ड काढून बेल्टमध्ये अडकलेला कपडा ओढायला हात घातला. दहा मिनिटांनी लाइट आली, ड्राइव्हला रन कमांड दिसली, आणि मोटर सुरू. यात कुठंही काही बिघडलेलं नाही. ड्राइव्ह सांगितलं तेच करतोय.

यासाठी थ्री-वायर कंट्रोल करा: स्टार्टचं पुश बटण, स्टॉपचं पुश बटण, धरून ठेवणारं काम ड्राइव्हच्या आत. सप्लाय आल्यावर आपोआप सुरू होण्याचं पॅरामीटर बंद ठेवा. ट्रिपनंतरचा ऑटो रीसेटही बंद. आणि सेट केलं म्हणून विश्वास ठेवू नका, करून बघा. मोटर चालू असताना मेन पाडा, डिस्प्ले पूर्ण विझू द्या, मेन परत द्या. मोटर हलता कामा नये. मग मुद्दाम ट्रिप देऊन रीसेट करा. तेव्हाही हलता कामा नये. ही चाचणी मी मालकाला समोर उभं करून घेतो आणि कागदावर सही घेतो.

इमर्जन्सी स्टॉपबद्दल एकच. तो ड्राइव्हच्या एसटीओ (सेफ टॉर्क ऑफ) टर्मिनलला जोडला तर मोटरची ताकद जाते, व्होल्टेज जात नाही. डीसी बस ५८७ वरच असते. एसटीओ दाबून टर्मिनल बॉक्स उघडणारा माणूस पहिल्या ‘बंद’ला तिसरं समजतोय. मेकॅनिकल कामासाठीही मेनला कुलूपच.

शॉक बसलाच तर

आधी सप्लाय तोडा. तोडता येत नसेल तर कोरड्या लाकडानं माणूस बाजूला करा, हातानं नको. श्वास नसेल तर छातीच्या मध्यावर, मिनिटाला १०० ते १२० या वेगानं, जोरात दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन लावायला सांगा. उठून बसला, “काही नाही झालं” म्हणाला, तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढाच. हृदयाचा ताल नंतरही बिघडू शकतो. पॅनलजवळ शॉक ट्रीटमेंटचा चार्ट लावलेला असतो. तो लॅमिनेट केलेला शोभेचा कागद राहू नये म्हणून महिन्यातून एकदा कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावा.

काम संपलं की दाराच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवतो. त्यावर ड्राइव्हचा मेक आणि सीरियल नंबर, मोटरचा अँपिअर, बदललेले पॅरामीटर, कंट्रोल सप्लाय कुठल्या पॅनलमधून आलाय ते, अर्थ मोजल्याची तारीख. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात: मेन पाडल्यावर १५ मिनिटं थांबा, पी-एन मध्ये डीसी मोजा. मिनिटांचा आकडा त्या ड्राइव्हच्या लेबलवरचा घालायचा. मार्कर पेनची शाई सहा महिन्यांत उडते, म्हणून मी ऑइल पेंटनं लिहितो.